दुसरा शिळफाटा

मेहुण्यांचा फोन आला तेव्हा घरात वीज नव्हती, बाहेर पाऊस होता आणि मागच्या पडवीची पन्हळ बादलीत गळत होती. तारीख २० सप्टेंबर २०२५, वार शनिवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री, म्हणून ही दारातल्या उजेडाला बसून अळूची पानं पुसत होती.

“भावोजी, अभिनंदन! तुमच्या शिळफाट्याला बुलेट ट्रेन आली!”

मी खिडकीतून बघितलं. बाहेर पेणकडे निघालेली एक एसटी आणि तिच्या मागे ताटकळलेला एक टेम्पो एवढंच दिसत होतं.

“कुठे आली?”

“टीव्हीवर दाखवतायत! बोगदा आरपार झाला. रेल्वेमंत्री स्वतः आलेत. मागची अडीच गुंठे आहे ना अजून? मला विचारल्याशिवाय कुणाला शब्द द्यायचा नाही. सांगून ठेवतो.” आणि फोन बंद.

शिळफाटे दोन आहेत. एक ठाणे जिल्ह्यातला, मुंब्रा-कल्याणच्या वाटेवरचा, वाहतूककोंडीसाठी सुप्रसिद्ध. दुसरा आमचा, खालापूर तालुक्यातला, खोपोलीच्या तोंडाशी. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर इथून एक वाट घाटाकडे जाते, एक पनवेलकडे आणि एक पेणच्या बाजूला फुटते. “ठाण्याचा नव्हे हो, खोपोलीचा” हे वाक्य मी जन्मात जितक्या वेळा बोललो असेन तितक्या वेळा रामाचं नाव घेतलं असतं तर आज मठ काढून बसलो असतो. एका कुरियरवाल्याने माझा नवा चष्मा त्या शिळफाट्याला नेला. तो तिथे कोणाच्या नाकावर बसून जग बघतोय, देव जाणे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा सासरेबुवा स्थळ बघायला आधी त्याच शिळफाट्याला गेले होते. तिथली गर्दी बघून “जागा भरवस्तीत आहे” असं समाधान पावून कुणालाही न भेटता परतले. हे आम्हाला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं, तोवर परत घ्यायची मुदत संपली होती.

तेव्हा मेहुण्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला खरं काय ते कळून चुकलं होतं. खरं अगदी दाराशी येऊन उभं होतं, चपला काढत होतं. मी त्याला म्हटलं, “बसा जरा ओट्यावर, चहा टाकतो.” आणि आत येऊन मी आमच्या फणसाच्या झाडामागे बुलेट ट्रेनच्या स्टेशनाचा पाया खणायला घेतला.

मनोराज्य करणाऱ्या माणसाला लोक भोळा समजतात. माझा अनुभव उलटा आहे. आपण रचतोय ते खोटं आहे हे त्याच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसतं. लॉटरीचं तिकीट काढणाऱ्याची फसगत होते. आम्ही तिकीटही काढत नाही, थेट बक्षिसाच्या वाटणीवर येतो.

तर त्या बोगद्यासाठी घणसोलीजवळ सुरुंग लावणाऱ्यांचा हिशोब जरासा चुकला. बोगदा डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळला, पनवेलखालून गेला, माथेरानच्या मुळांना गुदगुल्या करत पुढे आला आणि बरोबर आमच्या विहिरीच्या पलीकडे उजेडात निघाला. साहेब लोक बाहेर आले, टोप्या काढून घाम पुसला आणि म्हणाले, “हाच ना शिळफाटा?” मी म्हटलं, “हाच.” खोटं बोललो असं कुणी म्हणू शकत नाही.

यानंतर गोष्टी फार वेगाने घडल्या. अडीच गुंठ्यांचा भाव मी स्वतः ठरवला. रेल्वेने घासाघीस केली नाही. ताशी ३२० किलोमीटर हा त्या गाडीचा वेग धरला तर खोपोली ते सीएसएमटी हे सुमारे ११५ किलोमीटर अंतर साडेएकवीस मिनिटांत कापता येतं, हा हिशोब मी मेहुण्यांनी फोन ठेवल्यापासून मिनिटभरात तोंडी केला. शाळेत हेच गणित मला आलं नव्हतं, कारण त्या गणितातल्या आगगाडीत मी बसलेलो नव्हतो. गेली बावीस वर्षं मी या मार्गावर जाऊन-येऊन रोजचे पाच तास लोकलमध्ये काढतो. म्हणजे दिवसाचे सव्वाचार तास वाचणार.

आणि इथे मनोराज्याचा पहिला दगड निखळला. वाचलेल्या सव्वाचार तासांत मी करणार काय? विचार करता लक्षात आलं की मी मनोराज्यच करणार. पण ते तर मी लोकलमध्ये करतोच आहे.

खोपोलीकराला देवाने एकच गोष्ट सढळ हाताने दिली आहे, ती म्हणजे सकाळी खिडकीची जागा. गाडी इथूनच सुटते. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी अशी ती पाय मोकळे करत निघते आणि डावी-उजवी दोन्हीकडे डोंगर, ओहोळ, भाताची खाचरं. कर्जतपर्यंत मी साधारण निवृत्तीनंतरचं बघून घेतो. नेरळला माथेरानवर माझं छोटं हॉटेल असतं, त्यात गिऱ्हाईक फार नसतं पण येतं ते साहित्यिक असतं. वांगणीनंतर मी एखाद्या सभेत भाषण करतो. बदलापूरला मात्र सगळं थांबतं, कारण मनोराज्याला दोन्ही कोपरांना मिळून निदान नऊ इंच मोकळी जागा लागते आणि बदलापूरला ती जाते. तिथून पुढे मुंबईपर्यंत फक्त वास्तव, तेही दुसऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीतलं.

संध्याकाळी परत येताना धोका वेगळा. खोपोलीची गाडी चुकली की कर्जतला उतरून पुढच्या गाडीची वाट बघायची. एकदा मी कर्जतच्या फलाटावर उभा राहून मनातल्या मनात खोपोलीच्या फेऱ्या वाढवण्यासाठी रेल्वे बोर्डापुढे निवेदन देत होतो. बोर्ड प्रभावित झालं होतं. एवढ्यात माझ्यासमोरून, सगळी दारं उघडी असलेली, अर्धी रिकामी खोपोली लोकल शांतपणे निघून गेली. मी तिला हात केल्याचंही आठवतं. पुढची गाडी तास-दीड तासाने. दिवाडकरांचा वडा खाल्ला, घरी फोन केला. ही म्हणाली, “गाडी चुकली की तुम्ही चुकलात?”

शास्त्रज्ञांनी या गोष्टीचं मोजमाप केलंय. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २२५० माणसांना फोनवरून दिवसात अवेळी गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन त्यातच आहे की दुसरीकडे? २०१० साली निष्कर्ष छापून आला. जागेपणीच्या ४६.९ टक्के वेळी मन दुसरीकडेच असतं, आणि ज्याचं मन भटकतं तो तेवढा सुखी नसतो. पहिल्या भागाशी माझा वाद नाही. आमच्याकडे पावसाळ्यात हा आकडा वाढतो असं वाटतं, पण तेवढं चालायचंच. दुसऱ्या भागाबद्दल मात्र शंका आहे. माणूस मनातल्या मनात माथेरानच्या हॉटेलात साहित्यिकाला चहा देतोय आणि तेवढ्यात फोन वाजवून तुम्ही त्याला विचारलंत, “सुखी आहात का?”, तर तो काय सांगणार? होतो, तुमचा फोन येईपर्यंत.

आपल्या पूर्वजांनी मनोराज्याला चांगलं म्हटलेलं नाही, पण त्यांची हरकत नक्की कशाला होती हे बघण्यासारखं आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. तुरी अजून बाजारात, घरात दाणा नाही, आणि डाळ पातळ की घट्ट यावरून मारामारी. पंचतंत्रातला तो स्वभावकृपण ब्राह्मण तसाच. सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगून खाली पडल्या पडल्या त्याने शेळ्या घेतल्या, गाई घेतल्या, घोडे घेतले, लग्न केलं, सोमशर्मा नावाचा मुलगा झाला. आणि मग मुलाकडे लक्ष देत नाही म्हणून बायकोला लाथ मारली ती मडक्याला लागली. दोन्हीकडे नवरा धान्याच्या आधी बायकोपर्यंत पोचलाय. मला वाटतं, खोट इमारतीत नव्हती, ती बांधून झाल्याबरोबर मालकाच्या अंगात येतं त्यात होती. शेळ्यांपर्यंत थांबला असता तर मडकं शाबूत होतं.

हे मला कळतं, पण वळत नाही. स्टेशनाचं छप्पर पडायच्या आत मी आमच्या साहेबांना राजीनामा देऊन आलो होतो. नुसता दिला नाही, त्यांच्या टेबलावर ठेवून पेपरवेटही त्यांचाच ठेवला. गावकीच्या बैठकीत माझ्या कुंपणाबद्दल फाटे फोडणारे जे आहेत त्यांना मी प्रथम वर्गाच्या प्रतीक्षालयाबाहेर तिष्ठत ठेवलं. मेहुण्यांना कमिशन नाकारलं. इतकं झाल्यावर माझा आवाज थोडा चढला असावा.

“कोणाशी बोलताय?” ही म्हणाली.

मी हिला सगळं सांगितलं. ठाण्याचा शिळफाटा ओट्यावर बसलाय एवढं सोडून सगळं. मला वाटलं होतं, ही हसेल. हिने अळूचं पान पालथं केलं, देठ सोलला आणि विचारलं, “माणसं उतरणार कुठल्या बाजूला?”

“फणसाच्या.”

“म्हणजे आपली पडवी समोरच. साधं जेवण ठेवायचं. वरण, भात, भाजी, पोळी, अळूवडी. दिवसाला साठ ताटं जातील. सुरुवातीला चाळीस धरू. पाचशे लिटरची टाकी पुरायची नाही. शेजारच्या वहिनींना पोळ्यांना घ्यायचं, त्यांचा हात भरभर चालतो पण कडा कच्च्या राहतात, ते बघावं लागेल. आणि आधी ती पन्हळ बसवा. गिऱ्हाइकाच्या वरणात पाणी पडलं तर परत येईल का कोणी?”

बघा. माझ्या स्वप्नात अर्ध्या तासात तीन माणसांचा अपमान झाला होता. हिच्या स्वप्नात चार मिनिटांत कडा भाजल्या गेल्या. हिची कुठलीही कल्पना कुठूनही निघू दे, काश्मीरच्या सहलीवरून निघू दे, ती फिरून फिरून पन्हळीपाशी येते. दोन पावसाळे झाले, येतेच आहे. याला मी आजवर कल्पनाशक्तीची गरिबी समजत होतो.

आमच्या घरामागून डोंगराच्या अंगावर उतरलेले मोठाले नळ दिसतात. पावसाळ्यात ढग जरा वर सरकला की ते ओले होऊन चमकतात. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथल्या तलावांतलं पाणी या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली झेप घेतं, खोपोलीच्या वीजघरातली चाकं फिरवतं आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पाताळगंगेत निघून जातं. ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनात घर करून होती. धूर न सोडणारी वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, तीही घाटमाथ्यावर फुकट पडणाऱ्या पावसातून. ते १९०४ मध्ये गेले. कंपनी १९१० मध्ये उभी राहिली आणि वीज मुंबईला पोचली १९१५ मध्ये, म्हणजे स्वप्न बघणारा जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. घाटावर त्याआधीही हजारो वर्षं पाऊस पडत होता आणि त्याच्याकडे बघत बसणारे आमच्यासारखे लोकही काही कमी नसतील. फरक नळाचा. नळ कोणी टाकायचा, किती जाड, कुठल्या उतारावरून, याच्या वह्या कोणीतरी रात्र रात्र बसून भरल्या असणार. त्या भरणाराला घरचे लोक काय म्हणत होते याची कुठे नोंद नाही. (ती वीज आजही मुंबईला जाते. आम्हाला वीज देणारी मंडळी निराळी, म्हणून वीजघराच्या पायथ्याशी राहून मी मेणबत्तीवर हा हिशोब मांडतोय. तक्रार नाही, फक्त उजेड कमी आहे.)

याहून मोठं मनोराज्य आमच्या घाटातच झालंय. घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना डोंगरातून वाट दाखवणारा हा धनगर. बक्षीस काय हवं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली, अशी आख्यायिका आहे. ट्रकवाले अजून तिथे गाडी हळू करतात, नाणं टाकतात. बक्षीस म्हणून त्याने अडीच गुंठे मागितली असती तर मिळालीही असती. मग देऊळ मात्र झालं नसतं.

आता पलीकडे खालापूर तालुक्यातच २०१३ पासून इमॅजिका आहे. तिथे तिकीट काढून लोक उंचावरून खाली पडतात आणि किंचाळतात. सुट्टीत आमच्या फाट्यावर गाड्यांच्या काचा खाली करून “इमॅजिका किधर है” विचारणारे इतके असतात, की चहाच्या टपरीवाल्याने एकदा नुसता हात दाखवायचे पैसे घ्यायचे ठरवलं होतं. कल्पनेला प्रवेशद्वार, तिकीट आणि पार्किंग असलं की तिला कोणी आळस म्हणत नाही.

संध्याकाळी वीज आली, आणि वीज आली की आमच्याकडे लेक खोलीतून बाहेर येते. तिच्या हातात फोन, फोनमध्ये सगळं जग, आणि त्या जगात दोन्ही शिळफाटे नीट वेगवेगळे.

“बाबा, मामा येडा आहे. तो ठाण्याचा शिळफाटा.”

“हो का?” मी शक्य तितक्या निरागसपणे म्हटलं.

“घणसोली ते शिळफाटा, चार पॉइंट आठ आठ किलोमीटर. बीकेसीपासून शिळफाट्यापर्यंतच्या २१ किलोमीटर बोगद्यातला हा तुकडा. त्यातला सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जाणार.” मग तिने खरा घाव घातला. “आणि तिथेही स्टेशन नाहीये. बीकेसी, ठाणे, मग एकदम विरार. शिळफाट्याला गाडी फक्त बोगद्यातून बाहेर येणार.”

म्हणजे ज्याच्यावर मी बावीस वर्षं जळलो, ज्याने माझा चष्मा घेतला, त्या शिळफाट्यालासुद्धा गाडी थांबणार नाही! ताशी ३२० ने एक पांढरी रेघ समोरून जाणार आणि तिथला माणूस खिडकीत उभा राहून हात करणार. मला त्या माणसाबद्दल प्रथमच भावासारखं वाटलं. हे आमच्या पिढीजात ओळखीचं आहे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली होती. इथे उतरून पुण्याकडचे लोक डोलीतून, तट्टावरून घाट चढायचे. तेव्हाच्या खोपोलीकराने काय काय इमले बांधले असतील! १८६३ मध्ये घाटातून लोहमार्ग झाला, पुण्याची गाडी पळसदरीहूनच डोंगरात शिरली आणि आम्ही फाट्यावर राहिलो. मग जुना मुंबई-पुणे रस्ता होता, त्यावरची हॉटेलं होती. २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि गर्दी डोळ्यांदेखत पलीकडच्या रस्त्यावर गेली. आता त्या द्रुतगती मार्गाच्या मिसिंग लिंकने तर घाटालाच फाटा द्यायचं ठरवलंय. मोठ्या गोष्टी आमच्या बाजूने जातात. आम्ही त्यांचे आवाज ओळखतो.

ओट्यावरचं सत्य एव्हाना चहा पिऊन कंटाळलं होतं. त्याला आत घेतलं.

रविवारी सकाळी पाऊस उघडला. पानं वाढून झाली, कावळाही फार भाव न खाता शिवला. तो पूर्वजांपैकी कोण होता कोण जाणे, पण घरावर त्याने एक घिरटी घातली ती पन्हळीच्या बाजूने, हे हिने मला मुद्दाम दाखवलं. जेवण झाल्यावर मी शिडी काढली. पत्र्याचा तुकडा, चार खिळे, डांबराची पट्टी. ही शिडी धरून खाली उभी.

वर चढलो आणि घोटाळा झाला. वरून फार चांगलं दिसतं. नळ दिसतात, घाट दिसतो, रस्त्याला फुटलेली वाट दिसते. आणि फणसाच्या पलीकडे जी मोकळी जागा आहे ती, आता मोजमापाच्या नजरेने पाहिली तर, लहानशा स्टेशनाला काही वाईट नाही. बुलेट नको. आपली साधी गाडी. पेणपर्यंत एक फाटा काढला तर? मी हातोडी हातात धरून बघत राहिलो.

“काय दिसतंय?” खालून आवाज आला.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “स्टेशन,” मी म्हटलं.

थोडा वेळ काही आवाज नाही. शिडी मात्र घट्ट धरलेली.

“तिकीट खिडकी फणसाखाली ठेवू नका,” ही म्हणाली. “फणस पडतात. आणि डावीकडचा खिळा अजून अर्धा बाहेर आहे.”